इंजिन बंद होताना

“आता बंद करा,” अण्णा म्हणाले, “आणि कुणी बोलू नका.”

तळवलकरांनी हातातल्या रिमोटची कळ खाली ओढली. पुण्यातल्या त्यांच्या बंगल्याच्या गच्चीवर, लोखंडी टेबलाला पट्ट्यांनी आवळलेलं ते इंजिन इतका वेळ सगळी गल्ली दणाणून सोडत होतं. दिसायला चहाच्या थर्मासएवढं, पण पूर्ण जोर दिला की टेबलाचे पाय फरशीवर सरकायचे. आतली आग विझली, मोठा आवाज गेला आणि पंखा नुसता स्वतःच्या वेगावर फिरत राहिला. अण्णा वाकले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यांनी इंजिनाच्या तोंडाकडच्या थंड भागाला लावलं, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

मी दोन हात अंतरावर उभा होतो. पंखा मंदावत गेला आणि अगदी शेवटच्या दोन-तीन सेकंदांत मला काहीतरी ऐकू आलं. काचेवरून कुणी सुई ओढावी तसं, बारीक. मग पंखा थांबला.

अण्णांनी डोळे उघडले, बोटाच्या टोकानं पंखा एकदा हळूच फिरवून पाहिला आणि माझ्याकडे वळले.

“जावईबापू, काय ऐकू आलं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “स्वच्छ आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रू-ड्रायव्हर फडक्यात गुंडाळला. “मग घ्या,” ते म्हणाले.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा चौतिशीचा होतो, नाशिकच्या एमआयडीसीत प्लास्टिकचे साचे बनवण्याचा माझा छोटा कारखाना होता, आणि रिमोटवर उडणाऱ्या विमानांचा नाद मला कॉलेजपासून होता. अण्णा म्हणजे माझे सासरे, त्र्यंबक निकम. विमानांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं इंजिन-फिटर होते. लढाऊ विमानाचं इंजिन दुरुस्त होऊन आलं की ते चालवून पाहायचं, बंद करायचं, आणि बंद होताना ऐकायचं, ही त्यांची खासियत. चालू इंजिन सगळं झाकून टाकतं, काय दुखतंय ते थांबतानाच सांगतं, असं ते म्हणत. अण्णांनी मान हलवल्याशिवाय इंजिन शेडच्या बाहेर जात नसे. कारखान्यात त्यांना नावानं फारसं कुणी ओळखत नव्हतं. सगळे त्यांना ‘कान’ म्हणत. ‘कानाला विचारा’, ‘कान आज रजेवर आहे’, असं.

निवृत्त झाल्यावरही हे नाव टिकलं. सासूबाई गेल्यानंतर तर त्या नावावरच त्यांचा दिवस जायचा. कुणी विहिरीवरचा पंप घेऊन यायचं, कुणी जुनी स्कूटर, एकदा तर एकानं पिठाची गिरणी टेम्पोत घालून आणली होती. अण्णा स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकायचे, काय बिघडलंय ते सांगायचे आणि मग चहा व्हायचा. माणसं त्या निमित्तानं येत. निमित्त नसतं तर किती आली असती, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आम्ही दोघांनी मिळून चार वर्षं एक विमान बांधलं होतं. कारखान्यात ज्या शिकाऊ जेट विमानाची इंजिनं अण्णांच्या हाताखालून गेली, त्याचीच प्रतिकृती. पंख अडीच मीटर, वजन चौदा किलो, रंग चंदेरी आणि पंखांची टोकं नारिंगी. सगळं तयार होतं, फक्त इंजिन ठरत नव्हतं, आणि ते न ठरण्याचं कारण मी होतो.

“दहा किलो जोराचं नवं इंजिन घ्या,” अण्णांचं म्हणणं. “चौदा किलोच्या विमानाला पुष्कळ झालं.”

“उन्हाळ्यात हवा पातळ असते, अण्णा. दहाचे साडेआठ होतील.”

“मग उन्हाळ्यात उडवू नका.”

“तळवलकरांचं सोळा किलोचं आहे. वापरलेलं, पण अकराच तास. नव्या छोट्याच्या किमतीत मिळतंय. सरळ उभं वर जाईल विमान.”

“वर जाईल हो. खाली कसं आणणार? मोठं इंजिन मंद केलं तरी ढकलतच राहतं. आपली धावपट्टी एकशे साठ मीटरची. आणि हे काही नाकावर पंखा असलेलं विमान नव्हे. रिमोटची दांडी पुढे केली की जोर यायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही कुठे असाल?”

“ब्रेक बसवलेत की.”

अण्णा हसले. ते पटलं की हसत नसत, न पटलं की हसत. पण मी पिच्छा सोडला नाही. विमान उडवणार मी होतो, आणि खरं सांगायचं तर ते आकाशात सरळ उभं चढताना क्लबातल्या लोकांची तोंडं कशी होतील, याचे मांडे मी महिनाभर मनात खात होतो. शेवटी अण्णा म्हणाले, “ऐकल्याशिवाय हो म्हणणार नाही. ऐकून स्वच्छ असलं तर माझी हरकत नाही.” म्हणून आम्ही पुण्याला गेलो.

तळवलकर मुलाकडे परदेशी कायमचे निघाले होते. गृहस्थ सरळ होते. इंजिन दोन पावसाळे कपाटात पडून होतं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

परतताना गाडीत तो आवाज माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी स्वतःची समजूत घातली. अण्णांच्या कानाच्या हाडावर मूठ होती, मी लांब उभा होतो. खरंच काही असतं तर त्यांना ते माझ्या दसपट ऐकू आलं असतं. आणि ‘काय ऐकू आलं?’ हा प्रश्न ते बत्तीस वर्षं शिकाऊ पोरांना विचारत आले होते. जो नसलेला आवाज ऐकायचा, त्याला आठवडाभर शेड झाडायला लावत, ही गोष्ट त्यांनीच मला चार वेळा सांगितली होती. माझी परीक्षा चालली आहे असं मला वाटलं आणि मी पास व्हायचं ठरवलं. शिवाय मला ते इंजिन हवं होतं. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत.

घरी पोचलो तेव्हा स्वयंपाकघरात दुधाचा कुकर शिट्टी वाजवत होता. ती शिट्टी थांबत नसते, गॅस बंद करावा लागतो. अण्णा दारातच असलेल्या खुर्चीवर बसले आणि पेपर उघडला. कल्याणी, माझी बायको, आतून ओल्या हातांनी धावत आली आणि गॅस बंद केला. “तू इथेच होतास ना,” ती मला म्हणाली. अण्णांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. माणूस थकलाय, असं मला वाटलं.

इंजिन बसवायला महिना लागला. अण्णांनी त्याचं कार्ड केलं होतं. कारखान्यात प्रत्येक इंजिनाला कार्ड असे. तारीख, काम, कुणी केलं, कुणी पाहिलं. इंजिन भंगारात जाईपर्यंत कार्ड त्याच्याबरोबर. अण्णांनी जाड पुठ्ठ्यावर पट्टीनं रकाने आखले आणि ते कार्ड पत्र्याच्या डब्यात ठेवलं. मी एकदा पाहायला मागितलं तर म्हणाले, “तुमचं काम उडवायचं. कागद माझे.” मला तेवढंच बरं वाटलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सिन्नरच्या पलीकडच्या माळावर आमच्या क्लबचा मेळावा होता. कारखान्यातले पंधरा-वीस निवृत्त लोक मुद्दाम आले होते. त्यांचं विमान उडणार होतं, चौदा किलोचं का होईना. इस्माईलभाई शेखही होते. ते कारखान्यात तपासनीस होते. अण्णांनी ऐकायचं आणि इस्माईलभाईंनी कार्डावर दुसरी सही करायची, असं वीस वर्षं चाललं होतं.

उड्डाणाआधी ती सगळी म्हातारी मंडळी न सांगता पट्टीच्या एका टोकाला ओळीत उभी राहिली आणि खाली मान घालून खडे वेचत दुसऱ्या टोकापर्यंत गेली. जेट इंजिन खडा ओढून घेतं, म्हणून कारखान्यात रोज सकाळी असं चालत. कुणाचे गुडघे धरले होते, कुणाला दर दोन पावलांना थांबावं लागत होतं, पण ओळ मोडली नाही. इस्माईलभाईंनी मूठभर खडे बादलीत टाकले आणि म्हणाले, “निकम, पट्टी साफ. आता तुझा कान काय म्हणतो ते बोल.”

विमान गवतावर बांधून आम्ही इंजिन चालवलं. बंद केलं. अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला. लोक श्वास रोखून उभे होते. पंखा थांबता थांबता तोच बारीक आवाज आला, कदाचित एखादा सेकंद जास्त.

अण्णा उठले आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “काय?”

“तेच,” मी म्हणालो. “पुण्याला होतं तसंच.”

हे खोटं नव्हतं. एवढी हुशारी मला त्या वेळी सुचली.

अण्णांनी डब्यातून कार्ड काढलं, दोन ओळी लिहिल्या आणि लोकांकडे बघून मान हलवली. कुणीतरी टाळी वाजवली.

पहिल्या दोन फेऱ्या सुरेख झाल्या. चंदेरी पंख उन्हात चमकत होते, आवाज अगदी खऱ्या विमानाचा होता, आणि एक म्हातारे गृहस्थ रुमालानं चष्मा पुसत होते. तिसऱ्या फेरीत मी दांडी पूर्ण पुढे केली आणि विमानाचं नाक वर उचललं. महिनाभर जे मनात पाहिलं होतं ते समोर दिसत होतं. विमान सरळ उभं चढलं. मग आवाज बदलला. आधी चढला, नंतर फाटला, आणि एकदम गेला. मागे काळ्या धुराची एक रेघ राहिली.

इंजिन नसलेलं चौदा किलोचं विमान फार वेळ देत नाही. मी नाक खाली घेतलं, वळवलं, पट्टीकडे आणायचा प्रयत्न केला, पण ते पन्नास मीटर अलीकडे कांद्याच्या वाफ्यात उतरलं. पंख तुटला आणि टाकीतल्या तीन लिटर रॉकेलनं पेट घेतला. वाफ्याला सकाळीच पाणी दिलेलं होतं म्हणून आग पसरली नाही. आम्ही वाळूच्या बादल्या आणि लाल सिलिंडर घेऊन पोचलो तेव्हा नारिंगी टोकाचा एक तुकडा तेवढा ओळखू येत होता.

इंजिन चिखलात पडलं होतं. इस्माईलभाईंनी फडक्यानं उचललं आणि पंखा फिरवायला गेले. तो हलला नाही. “बेअरिंग,” ते म्हणाले. “धरलंय. एका दिवसाचं दुखणं नाही हे.”

सगळे अण्णांकडे पाहत होते, आणि अण्णांकडे पाहायचं टाळतही होते.

“कान चुकला,” अण्णा म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना जाईल असं. “माझा कान चुकला.”

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडायला तेवढा एक क्षण पुरेसा होता आणि मी तो जाऊ दिला. सुटलो असं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

“कार्ड दे, निकम,” इस्माईलभाई म्हणाले. अपघात झाला की कार्ड लगेच तिसऱ्या माणसाच्या ताब्यात द्यायचं, अशी कारखान्याची रीत होती. अण्णांनीच ती कितीदा पाळली होती. एकदा स्वतःच्या मेव्हण्याचं कार्ड त्यांनी असंच साहेबांच्या हातात ठेवलं होतं.

“कार्ड माझ्याजवळ राहील,” अण्णा म्हणाले आणि ते शर्टाच्या आत सारलं.

इस्माईलभाई बराच वेळ बघत राहिले. “बरं,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर अण्णांकडे पंप यायचे बंद झाले. कुणी मुद्दाम केलं नसेल. पण महिनाभर दारात एकही स्कूटर थांबली नाही. अण्णा सकाळी दोन कप जास्तीच्या चहाचं आधण ठेवत आणि दुपारी तो चहा मोरीत ओतत. हे मला कल्याणीनं सांगितलं. ती दर दोन दिवसांनी माहेरी जाऊन येत होती.

“एवढे कसे चुकले ग अण्णा,” मी एकदा म्हणालो. कशाला म्हणालो कोण जाणे. बहुधा तिनं ‘होतं असं कधी’ म्हणावं म्हणून.

ती भाजी निवडत होती. “त्यांना ऐकूच येत नाही तर चुकणार नाहीत का?”

“म्हणजे?”

“बारीक आवाज जात नाहीत त्यांना. तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले वयानं होतं, पुढे वाढत जाईल. तू-मी बोलतो ते येतं. शिट्टी, डास, मोबाइलची रिंग, काही नाही. मला शपथ घातली होती कुणाला सांगू नको म्हणून. मला वाटलं, तुला तरी सांगितलं असेल. रोज बरोबर असता.”

‘काय ऐकू आलं?’ हा प्रश्न मला पुन्हा पहिल्यापासून ऐकू यायला लागला.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. अण्णा ओट्यावर बसले होते. मी समोर बसलो आणि म्हणालो, “कार्ड दाखवा.”

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. आत गेले, पत्र्याचा डबा आणला. कार्डावर त्यांच्या ठाशीव अक्षरात पहिली ओळ होती: ‘बंद होताना तपासले. बोटाने – दोष नाही. त्र्यं. निकम. कानाने – दोष नाही. सुहास बोरस्ते.’ खाली फेब्रुवारीची तारीख आणि पुन्हा तसंच. कानाच्या रकान्यात दोन्ही वेळा माझं नाव.

“मी आवाज ऐकला होता,” मी म्हणालो. “दोन्ही वेळा.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“इस्माईल ‘बेअरिंग’ म्हणाला तेव्हापासून. असलं बेअरिंग ओरडल्याशिवाय राहत नाही. तुमचे कान चांगले आहेत. मग ऐकू आलं असणारच.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ते मला जास्त लागलं. “मीच सरळ सांगायला हवं होतं की मला येत नाही, तुम्ही ऐका. लाज वाटली. स्क्रू-ड्रायव्हर लावून उभा राहिलो नाटक्यासारखा. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा परीक्षा घेतोय.”

“हो.”

“तेच तर.”

“मी उद्या क्लबात जातो, अण्णा. सगळ्यांसमोर सांगतो.”

“काय सांगाल?”

मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. माझी चूक सांगायची तर मला का विचारलं ते सांगावं लागत होतं.

“कान एकदा चुकला म्हटलं तर लोक वर्षभर बोलतील आणि विसरतील,” अण्णा म्हणाले. “कान गेला म्हटलं, तर मग संपलंच. आणि दुसरं असं, तुमचं नाव मी त्या वाफ्यात उभं राहून कुणाच्या हातात देणार होतो का? राहू द्या. चहा घेणार?”

मला रडू आलं. चौतीस वर्षांचा माणूस सासऱ्याच्या ओट्यावर बसून रडत होता आणि सासरे शेजारी चहाच्या कपात साखर घालत होते.

विमान पुन्हा बांधायला दोन वर्षं लागली. या वेळी दहा किलो जोराचं नवं इंजिन मागवलं, त्यावर कुणी वाद घातला नाही. मेळाव्याच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही ते अण्णांच्या अंगणात चालवलं आणि बंद केलं. अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी मूठ कानामागे टेकवली आणि डोळे मिटले.

“काय ऐकू आलं?”

“सगळं सांगू?”

“सगळं.”

“आधी वाऱ्यासारखं. मग उतरत गेलं. शेवटी एक टिक-टिक आहे. अगदी हलकी. नवं आहे म्हणून असेल. कदाचित काहीच नसेल.”

“आहे की नाही?”

“आहे.”

रविवार दोन दिवसांवर होता. लोकांना निरोप गेलेले होते, इस्माईलभाईंनी तर दुपारच्या जेवणाचंही ठरवलं होतं. अण्णांनी कार्ड घेतलं, माझ्यापुढे धरलं आणि पेन दिलं. मी माझ्या हातानं लिहिलं, ‘कानाने – दोष आहे’, आणि खाली सही केली. इंजिन खोक्यात भरून विकणाऱ्याकडे परत पाठवलं.

रविवारी आम्ही विमान न घेता माळावर गेलो. ओळीत उभं राहून खडे मात्र वेचले. इस्माईलभाई कमरेवर हात ठेवून उभे होते.

“काय निकम, दोन वर्षं वाट बघायला लावलीस. इंजिन कुठंय?”

“परत पाठवलं,” अण्णा म्हणाले. “कानाला पटलं नाही.”

इस्माईलभाईंनी मान डोलावली. पण पाहिलं त्यांनी अण्णांकडे नाही, माझ्याकडे. मग हातातली खड्यांची बादली माझ्याकडे दिली आणि म्हणाले, “चल, ही तिकडे ओतून ये. आणि पुढच्या वेळी कार्डावर माझी दुसरी सही घ्यायला विसरू नको.”